डाव्या बुटातली पट्टी

सव्वीस वर्षं मी एका बाईच्या डाव्या बुटात फेल्टची पट्टी शिवत आले, आणि त्या पट्टीची खबर जगात तिघींनाच होती. एक ती स्वतः, एक तिची आई आणि एक मी. आई वारली. ती कशासाठी होती ते ती स्वतः विसरली. उरले मी. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे हे लग्न झाल्यापासून सांगत आलेत. तर ते खोटं आहे, हे आधी लिहून ठेवते.

ती म्हणजे आमच्या नाट्यगृहाची मोठी नर्तकी. बॅले नाचायची. पुढच्या दारातून आत आलं की जिन्यावर तिचा माणसाएवढा फोटो आहे, आणि लोक त्याच्यापाशी येऊन आपोआप हळू बोलायला लागतात. मी मात्र तिला भिंगरी म्हणत आले. तिची आई कपड्यांच्या इस्त्रीला होती, मी शेजारच्या खोलीत बुटांना. पोरगी शाळा सुटली की इस्त्रीच्या टेबलाखाली बसायची आणि कंटाळा आला की बाहेर येऊन गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी गरगर फिरायची. आठ वर्षांची असताना नाच शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला तशी फिरताना पाहिलं आणि तिथल्या तिथे आईला बोलावून घेतलं.

"हिला उद्यापासून वर पाठवा."

आई घाबरली. "अहो, आमच्यात कोणी नाचलेलं नाही."

"कुणाच्यातच नाचलेलं नसतं, आधी," मोठ्या बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बॅलेतल्या मुली पायाच्या अंगठ्यांच्या टोकावर उभ्या राहतात. बघणाऱ्याला वाटतं, तरंगतायत. तरंगतात कसल्या? बुटाच्या टोकाशी कापडाचे आणि खळीचे थर देऊन केलेला एक टणक डबा असतो, त्यात पाची बोटं कोंबलेली असतात. बूट वरून गुलाबी साटीनचा आणि आतून नुसती शिक्षा. नवा जोड आला की मुली तो दाराच्या फटीत चेपतात, तळवा वाकवून मोडतात, हातोडीने बडवतात, आणि इतका छळ करून झाला की माझ्याकडे आणतात. मी त्याला फिती शिवायच्या आणि टोकाला जाड दोऱ्याने रफू करायचा, म्हणजे पाय घसरत नाही. कुठल्या मुलीचा बूट कुठे झिजलाय त्यावरून ती नाचात कुठे चोरटेपणा करते ते मला समजायचं. मुली म्हणूनच मला जरा टरकून असत.

शिवाय माझी खोली तालमीच्या दालनाच्या बरोब्बर खाली. वर कोण नाचतंय ते छतातून ऐकू यायचं. एकीचं पाऊल जड, एकीचं घाईचं, एक भांडण करून आलेली. भिंगरीचं पाऊल मात्र ऐकू यायचं नाही. यायचा तो फक्त वारा.

एकोणिसाव्या वर्षी तिला मुख्य नाच मिळाला. त्याचं नाव 'ज्योत'. सगळ्या दिव्यांपैकी एकच ज्योत उरलीय आणि ती वाऱ्याशी झगडतेय, एवढीच गोष्ट. शेवटी ज्योत एका पायावर सोळा गिरक्या घेते, टाच टेकवते आणि त्याच वेगात तिरकी धावत रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विझते. मोठ्या बाईंनी शिकवलं ते असं होतं. गिरकी, टाच, धाव. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

पहिल्या प्रयोगाला तीन दिवस होते. दुपारी तालीम झाली आणि भिंगरी जिना उतरून सरळ चालत माझ्या खोलीत आली. आत येऊन दार लावलं, कडी घातली आणि मग खाली बसली. पायातला बूट कापून काढावा लागला. डावा पाय टम्म सुजला होता, वरच्या बाजूला निळा. उडी मारून उतरताना तिरकी पडली होती आणि आतलं एक बारीक हाड तडकलं होतं. तिची आई इस्त्री तशीच ठेवून आली. राणीच्या झग्याला भोक पडलं ते नंतर मी बुजवलं.

"सांगून टाक," आई म्हणाली. "पाय राहिला तर नाच राहील."

"सांगितलं तर नाच दुसरीला जाईल. तो परत मला मिळणार नाही."

"मिळेल."

"आई, तू इस्त्री करतेस. तुला कधी काही परत मिळालंय?"

मी मधे बोलायला हवं होतं. मी कात्री घेतली.

कपड्यांच्या साठ्यात एका राजाची जुनी टोपी होती, जाड फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची. राजाला विचारायला कोणी गेलं नाही. तिच्यातून पट्टी कापून मी डाव्या बुटात अशी शिवली की पाय आत घट्ट अडकून बसावा, हलूच नये. भिंगरी टोकावर उभी राहिली तेव्हा म्हणाली, "दुखत नाही." मग टाच टेकवायला गेली आणि किंकाळी तोंडात कोंबून भिंतीला टेकली. दुखणं तिथे होतं. वर राहणं सोपं होतं. खाली येताना पाय बोटांच्या मुळाशी वाकतो, आणि तडकलेलं हाड नेमकं तिथेच.

"कुणाला सांगू नकोस मावशी. आईच्या गळ्याची शपथ," ती म्हणाली. आई समोरच बसली होती, ज्या गळ्याची शपथ घातली तो गळा आवंढा गिळत होता.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत उभी होते, हातात सुईदोरा. सोळा गिरक्या झाल्या. आता टाच टेकायची. ती टेकेना. डाव्या पायाच्या टोकावर तशीच उभी राहिली, दोन्ही हात पसरलेले, तोंड माझ्या बाजूला. प्रेक्षकांना वाटलं ती दूर कुठेतरी बघतेय. ती मला बघत होती. तिला खाली यायची भीती वाटत होती, आणि ती भीती मला विंगेतून दिसत होती. वाद्यवाले गोंधळून थांबले. मी बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग ती खाली आली आणि धावली.

नाट्यगृह कोसळलं टाळ्यांनी. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की विझण्याआधी ज्योत एकदा स्थिर होते, हे सत्य या मुलीला एकोणिसाव्या वर्षी सापडलं. आमच्या ह्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. हे रंगमंचाचे सुतार, त्यांनी पण तो प्रयोग वरून बघितला होता.

"काय गं, खरंच सापडलं होय तिला?"

"सापडलं असेल," मी म्हटलं.

तेव्हापासून ते 'चार ठोके' झाले. वाद्यवाल्यांच्या वहीत लाल पेन्सिलीने तेवढी जागा सोडली गेली. मोठ्या बाईंना काही ते पटलं नव्हतं, पण त्या निवृत्त व्हायला आल्या होत्या आणि तिकिटांसाठी रांगा लागत होत्या. गावोगावचे लोक फक्त त्या चार ठोक्यांसाठी यायचे. हाड सांधलं ते वाकडंच सांधलं, त्यामुळे पट्टी राहिली. आधी दुखायचं म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढे कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. राजाची टोपी संपली, मग प्रधानाची, आणि असं करत करत सगळा दरबार बोडका झाला. मुलाखतीत कोणी विचारलं तर भिंगरी सांगायची, "त्या चार ठोक्यांत मी शांतता ऐकते." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा माझ्याकडे बघून डोळा मिचकावला होता. दहा वर्षांनी म्हणाली तेव्हा नाही मिचकावला. विसरली ती. लबाडी करत नव्हती. माणूस एकच गोष्ट इतक्या वेळा सांगतो की ती घडलेली होऊन बसते.

पंचेचाळिसाव्या वर्षी तिने बूट उतरवले आणि वर्षभरात तिला कलासंचालिका केलं. कुठला नाच बसवायचा, कुणी नाचायचा, कुणी घरी बसायचं, ते सगळं आता ती ठरवणार. तिला दोन खिडक्यांची खोली मिळाली आणि भलं मोठं टेबल. सगळे तिला बाई म्हणू लागले. मी पण चारचौघांत बाईच म्हणायचे. पण नाट्यगृहाच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत अट घातली होती. प्रेक्षक कमी झालेत, पहिला हंगाम 'ज्योत'ने उघडायचा, आणि हा हंगाम पडला तर दुसरा संचालक बघू. हे मला चहाच्या कपबशा नेणारीने सांगितलं, म्हणजे खरंच असणार.

ज्योत नाचायला बाईने एक वीस वर्षांची मुलगी निवडली. बारीक, लांब, मान म्हणजे नुसता देठ. मुली तिला काटकी म्हणायच्या. पाऊल असं, की छताला कान लावून बसले तरी ऐकू यायचं नाही. मी मनात म्हटलं, चला, पुन्हा वारा आला.

मग बाईने तिला चार ठोके शिकवायला घेतले.

खाली बसून मी ते ऐकायचे. वर सोळा गिरक्या व्हायच्या, बारीक कुजबुजीसारख्या. मग सगळं थांबायचं. मी हातातली सुई थांबवायचे. एक, दोन, आणि तिसऱ्या ठोक्यालाच वर धप्प. मग बाईचा आवाज. "पुन्हा." पुन्हा गिरक्या, पुन्हा ती शांतता, पुन्हा धप्प. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. त्या शांततेत माझ्या हातून टाके चुकायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीच्या बुटाला मी दोन्ही फिती एकाच बाजूला शिवल्या.

प्रयोगाला पाच दिवस राहिले असताना जेवणाच्या सुट्टीत काटकी खाली आली. दारातूनच विचारलं, "मावशी, घट्ट बांधायला एखादी कापडाची पट्टी आहे का?"

"कशाला?"

"असंच."

"असंच बांधायला माझ्याकडे काही नसतं. बस, दाखव पाय."

डाव्या टाचेमागची मोठी शीर दोरखंडासारखी जाड झाली होती. मी बोट ठेवून तिला पाय हलवायला सांगितलं, तर आतून जुन्या बिजागरीसारखं करकरलं.

"बाईंना सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं तर ज्योत दुसरीला जाईल. मावशी, तुम्हाला माझ्या आईची शपथ आहे, सांगू नका."

"तुझी आई मला ओळखतसुद्धा नाही. तिची शपथ मला कशी लागेल?"

"मग तुमच्या आईची."

"ती जाऊन पंचवीस वर्षं झाली. तिला आता कोण काय करणार?"

काटकी हसली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, गिरक्या संपतात तेव्हा अंगात सगळा वेग असतो, तो टाच टेकवून धावण्यात निघून जायला बघतो, आणि बाई सांगतात उतरायचं नाही, वरच थांब. "मी थांबते हो. पण वेग थांबत नाही. तो सगळा इथे येतो," म्हणून तिने शीर दाखवली. "बाईंना कसं जमायचं?"

उत्तर माझ्या मागच्या फडताळात होतं, बाईच्या शेवटच्या जोडात. मी कापडाच्या पट्टीने तिची टाच घट्ट बांधली.

त्या दिवशी घरी गेले तर जेवण उतरेना. ही शीर तुटली की मुलगी सहा महिने काठीवर आणि नाच कायमचा बंद, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दोघींच्या बाबतीत.

"कुणाचं गुपित गिळलंयस?" ह्यांनी विचारलं.

"कुणाचं नाही."

"मग जेव की. जागा तर रिकामीच आहे."

सकाळी मी दोन खिडक्यांच्या खोलीत गेले. बाई टेबलाशी उभी होती. आताशा ती बसलेली नाहीतर एका जागी उभी असायची, चालताना फारशी दिसायची नाही. समोर नवी जाहिरात पसरलेली होती, तिच्या स्वतःच्या फोटोची, टोकावर उभी, हात पसरलेले. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'ते चार ठोके पुन्हा'.

"भिंगरे," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी तसं म्हटलं. "त्या पोरीला ते थांबणं जमत नाहीये. काढून टाक ना. मोठ्या बाईंनी शिकवलं होतं तसं करू दे."

"रडली का तुझ्याकडे येऊन?"

"नाही." एक शपथ मोडू नये म्हणून मी हे खोटं बोलले.

"मग जमेल तिला. मला पण एका दिवसात नव्हतं जमलं."

"तुला तीन दिवसांत जमलं होतं. का जमलं ते आठव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आठवलं. पण ती म्हणाली, "ती पट्टी म्हणतेस होय? अगं, ती सवय होती माझी. पाय तेव्हाच बरा झाला होता." मग जाहिरातीवर तळहात फिरवला, कापडाच्या चुण्या काढाव्यात तसा. "मावशी, मी बाकी सगळं मोठ्या बाईंचं नाचले. माझं स्वतःचं म्हणून एवढंच आहे. ते काढलं तर मी या खोलीत कशासाठी बसलेय?"

दारात अध्यक्ष येऊन उभे राहिले होते. मी बाहेर पडले.

यानंतर मी जे केलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचार केला, भिंगरी थांबायची ती पट्टीच्या जोरावर. मग पोरीला पण तोच जोर देऊ. कोणाची शपथ मोडायला नको, कोणाचं मन मोडायला नको. खोक्याच्या तळाशी राजाच्या टोपीचा शेवटचा तुकडा होता, कडेचा. मी तो कापला आणि काटकीच्या डाव्या बुटात शिवला, जसा सव्वीस वर्षं शिवत आले तसा. तिला सांगितलं, "आत थोडा मऊपणा दिलाय." चाळीस वर्षांत मी इतकी नीट शिवण घातली नसेल.

प्रयोगाला दोन दिवस होते. दालनात शेवटची तालीम, पियानोवर. अध्यक्ष दोन पाहुणे घेऊन आले होते. त्यांच्या खुर्च्या आरशाला लागून मांडताना सरकवल्याचा आवाज मी ऐकला. मग पियानो सुरू झाला. मी काम बाजूला ठेवून छताकडे बघत बसले.

गिरक्या सुरू झाल्या. पण पावलं ऐकू येत होती. काटकीची पावलं मला याआधी कधी ऐकू आली नव्हती. डावं प्रत्येक वेळी किंचित टपकत होतं. दहा, अकरा, बारा. मी उठून उभी राहिले. सोळा. मग शांतता. एक. दोन. तीन. मी मनात म्हटलं, थांबली, बाई गं, थांबली ती. चार.

मग जे वाजलं ते धप्प नव्हतं. आधी काहीतरी घसरलं, मग एक खुर्ची पडली, मग काहीच नाही. पियानोही बंद.

सत्तावीस पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्यांनी त्या कशा चढल्या ते त्यांनाच ठाऊक. दालनात सगळ्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. काटकी जमिनीवर बसली होती, घोटा दोन्ही हातांत धरून, ओठ पांढरे. "मी करते, पुन्हा करते," एवढंच म्हणत होती. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून फिती सोडत होती. तिने बूट काढला, बाजूला ठेवायला गेली आणि थबकली. तिने बुटात दोन बोटं घातली.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अंधारात स्वतःच्या घरातलं भांडं हाताला लागावं तसा. तिने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं, टाके एकेक चाचपले. मान वर न करता म्हणाली, "मावशी आलीय का इथे?"

"आलेय."

"ही शिवण तुझी आहे."

"माझीच आहे. मला वाटलं, तुला जमायचं तसं हिलाही जमेल."

"माझा पाय मोडलेला होता, मावशी," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की मुली पुढे झुकल्या. "हिचा चांगला आहे. चांगल्या पायाला आवळून बांधलं तर तो पडणारच."

काटकीची टाच तिने हातात घेतली, कापडाची पट्टी सोडली आणि ती शीर पाहिली. पाय जरा हलवला. ते करकरणं आम्हा दोघींना ऐकू आलं.

"कधीपासून?"

काटकीने पाय मागे घ्यायला बघितलं.

"तुला कुणी शपथ घातली नव्हती, मग का नाही सांगितलंस?"

"भूमिका गेली असती," काटकी म्हणाली.

बाई तशीच खाली बसली. मग स्वतःच्या डाव्या पायातला चपटा बूट काढला, मोजा काढला आणि पाय सगळ्यांसमोर लांब केला. पायाच्या वरच्या बाजूला ते हाड सुपारीएवढं वर आलेलं आहे. मी ते नेहमी बघायचे, मुलींनी पहिल्यांदाच पाहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "हे आत्ता कशासाठी? डॉक्टरला बोलवा आधी."

"डॉक्टर येतील. तुम्ही बसा," बाई म्हणाली, आणि ते खरंच बसले. "तुम्ही सगळ्या चार ठोके शिकलात. मी शांतता ऐकते, असं मी सांगत आले. मी काही ऐकत नव्हते. पाय मोडला होता आणि मला खाली यायची भीती वाटत होती. म्हणून मी वर उभी राहिले. बाकी काही नाही."

अध्यक्ष पाहुण्यांकडे बघून कसंनुसं हसले. "अहो बाई, जाहिराती लागल्यात. लोक तेवढ्यासाठीच येणार. कारण काही असो, लोकांना आवडलं ना?"

"आवडलं. पण त्यासाठी मी हिची शीर तोडणार नाही."

"मग हंगाम पडला तर?"

"तर तुम्ही दुसरा संचालक बघाल. ठरलंय आपलं." मग ती पियानोवाल्या काकांकडे वळली. ते पहिल्या प्रयोगापासूनचे, आता कानाने थोडे जड. "काका, मोठ्या बाईंच्या वेळचं आठवतं? न थांबता?"

"आठवतं म्हणजे," काका म्हणाले. "सत्तावीस वर्षं मी त्या चार ठोक्यांत हात हवेत धरून बसलोय. मला वाटलं होतं, असाच जाणार."

एक मुलगी फिसकन हसली, मग दुसरी. काटकीसुद्धा, रडता रडता.

डॉक्टर आले. शीर तुटलेली नव्हती. पण आणखी एक दिवस असंच चाललं असतं तर तुटलीच असती, असं म्हणाले. तीन आठवडे पाय टेकवायचा नाही. काटकीने बाईकडे पाहिलं, कैदी न्यायाधीशाकडे बघतो तसं.

"ज्योत तुझीच आहे," बाई म्हणाली. "तीन आठवडे दुसरी नाचेल, मग तू. आणि कुणाची शपथबिपथ घालायची नाही या इमारतीत. हा आता नियम."

प्रयोग दोन दिवसांनी झाला. दुसरी एक मुलगी नाचली, गिरकी, टाच, धाव. मी विंगेत होते. लोक त्या क्षणाची वाट बघत पुढे सरकून बसले होते, आणि तो क्षण त्यांच्यासमोरून निघून गेला. ज्योत विझलीसुद्धा, तरी कोणी टाळी वाजवेना. मला वाटलं, गेलं सगळं. मग वरच्या सज्जातून एकाने सुरुवात केली आणि हळूहळू बाकीच्यांनी, पण नाट्यगृह काही कोसळलं नाही. एका पेपराने लिहिलं की नाचाचा आत्माच काढून टाकला. दुसऱ्याने लिहिलं की शेवट पहिल्यांदाच समजला. ह्यांनी दोन्ही वाचून दाखवले आणि म्हणाले, "दोघंही एकाच रांगेत बसले होते म्हणे." हंगाम पडला नाही, फार चढलाही नाही. अध्यक्षांनी बाईला आणखी एक वर्ष दिलं. तोंड मात्र वाकडं करून दिलं.

तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. दुपारी बाई जिना उतरून माझ्या खोलीत आली. दार लावलं, कडी घातली आणि मग खाली बसली. डाव्या पायातला चपटा बूट काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"यात घाल एक पट्टी. चालताना दुखतं."

"किती दिवस झाले?"

"सत्तावीस वर्षं," ती म्हणाली. "तू का नाही बोललीस मावशी? आई गेल्यावर तरी?"

"शपथ सुटली की नाही ते विचारायला तुझी आई जागेवर नव्हती." मग मला वाटलं, हिच्याशी तरी नीट बोलावं. "माझ्या पट्टीमुळे तू मोठी झालीस, असं मला वाटायचं. ते मला पण सोडवत नव्हतं."

तिने बूट माझ्याकडे सरकवला. मी खोकं उलटं केलं. टोप्या सगळ्या संपल्या होत्या. काटकीच्या बुटातून उसवलेला तुकडा तेवढा होता, तोच घेतला.

वर पियानो सुरू झाला. काटकीची पहिली तालीम होती. आम्ही दोघी छताकडे बघत बसलो. गिरक्या आल्या, कुजबुजीसारख्या. सोळा झाल्या आणि माझी बोटं आपोआप मोजायला वर आली. मोजायला काही राहिलंच नाही. पावलं टेकली आणि आमच्या डोक्यावरून तिरकी धावत गेली.

"टाच जरा जड टेकतेय," बाई म्हणाली.

"टेकू दे. तू त्या दिव्याखालून सरक, मला सुईत दोरा ओवायचाय."